खाली कोबाल्ट, वर उपाशी माणसं: कांगोतली गरिबी हटायची तरी कशी?

उद्यमबागकर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्यांतली पोरं आधी पुण्याला जायची, मग मस्कत-दुबईला, आता आफ्रिकेत जाऊ लागलीत. आमच्या शॉपमधला एक फिटर कांगोत कोल्वेझीला खाणीच्या वर्कशॉपात लागला. तेव्हापासून त्या देशाबद्दल मिळेल ते वाचतोय, आणि जितकं वाचतोय तितकं डोकं चक्रावतंय. म्हणून हा धागा.

कांगो म्हणजे किन्शासा राजधानीचा मोठा कांगो. शेजारी त्याच नावाचा छोटा देश आहे, त्याच्याशी गल्लत नको. क्षेत्रफळ २३ लाख चौरस किलोमीटर, माणसं १० कोटींच्या वर. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त एकट्या या देशाचा. तांब्यात पहिल्या दोन-तीन देशांत नंबर. शिवाय हिरे, सोनं, कथील, मोबाइलला लागणारं कोल्टान. कांगो नदीवर इंगा इथं ४०,००० मेगावॅट वीज निघू शकेल असं अभियंते सांगतात. शेतीलायक जमीन ८ कोटी हेक्टर, त्यातला दहावा हिस्सा कशीबशी पिकाखाली. आणि जागतिक बँकेच्या २०२४ च्या हिशेबानं चारातली तीन माणसं दिवसाला २.१५ डॉलरच्या आत भागवत होती.

इतिहास थोडक्यात: १८८५ ते १९०८ हा अख्खा देश बेल्जियमच्या राजाची, लिओपोल्डची, खासगी मालमत्ता होता. रबरासाठी माणसं मारली. १९६० ला स्वातंत्र्य, १९६१ च्या जानेवारीत पदावरून हटवलेले पहिले पंतप्रधान लुमुंबा यांचा खून, १९६५ पासून १९९७ पर्यंत हुकूमशहा मोबुटू, १९९६ पासून दोन युद्धं. एवढं बहुतेकांना माहीत असतं.

मला खटकलं ते पुढचं. जेकामिन ही तिथली सरकारी खाण कंपनी १९८० च्या दशकात वर्षाला साडेचार लाख टनांच्या वर तांबं काढायची. मोबुटूंच्या उत्तरार्धात ती इतकी बसली की नव्वदच्या दशकात उत्पादन ५० हजार टनांच्याही खाली आलं. तेव्हा सगळे म्हणायचे, खाणी बंद पडल्या म्हणून देश भिकेला लागला, खाणी सुरू झाल्या की भागेल. आज तांब्याचं उत्पादन ३० लाख टनांपलीकडे गेलंय. जेकामिनच्या ऐन बहरातल्या सहापट! आणि गरिबीचा आकडा वरचा तोच.

बरं, कायदा वाईट म्हणावा तर तसंही नाही. २०१८ च्या खाण कायद्यानुसार कोबाल्टवर १० टक्के रॉयल्टी. त्यातली ५० टक्के केंद्राला, २५ प्रांताला, १५ थेट स्थानिक पालिका-पंचायतीला, १० पुढच्या पिढ्यांच्या निधीला. वर कंपनीनं उलाढालीच्या ०.३ टक्के गावांसाठी द्यायचे. आपल्याकडच्या किती ग्रामपंचायतींना रॉयल्टीचे १५ टक्के थेट मिळतात, सांगा बघू.

तर प्रश्न असा: कागद इतका चोख असताना घोडं अडतंय कुठं? आणि तुमच्या हातात असतं तर पहिलं काय केलं असतं?

कुंदाप्रेमी

वाचतोय. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

संपादक

सीमाप्रश्न, पाट्या, मराठी-कन्नड हे विषय या धाग्यावर आणू नयेत. त्यासाठी वेगळा धागा आहे. तिथंही सबुरीनं.

निवृत्त_प्राध्यापक

चांगला विषय. दोन मुद्दे मांडतो.

पहिला सगळ्यांना ठाऊक असलेला. खनिजाचे डॉलर देशात येतात, चलन वधारतं, मग बाहेरचा माल स्वस्त पडतो आणि स्थानिक शेतकरी-कारागीर बाजारातून उठतो. नायजेरियात तेल आल्यावर शेंगदाणा आणि पामतेल ही मोठी निर्यात पार कोलमडली. याचं नाव ‘डच रोग’ असलं तरी डचांना फारसं काही झालं नाही, भोगलं ते इतरांनी.

दुसरा जास्त महत्त्वाचा. कर भरणाऱ्या जनतेला सरकार जाब देतं, कारण दिला नाही तर वसुली थांबते. ज्याला खाणीचा पैसा परस्पर मिळतो त्याला जनतेची गरजच नसते. मोबुटूंना किन्शासाच्या बाजारातल्या बाईकडून काही नको होतं. दक्षिणेतल्या कटांगा भागाचं तांबं, बाहेरून येणारं कर्ज आणि शीतयुद्धात पाठीशी उभी असलेली अमेरिका, एवढ्यावर ३२ वर्षं निभावली.

आणखी एक. मोठी यांत्रिक खाण माणसं फार कमी लावते. अब्जावधी डॉलरची गुंतवणूक, नोकऱ्या काही हजार. गरिबी जिथं आहे तिथं, म्हणजे कसाव्याच्या (तिथलं रोजच्या खाण्यातलं कंदपीक) शेतावर, ती पोचतच नाही. त्यामुळे ‘खनिज किती’ हा प्रश्न गरिबीच्या बाबतीत जवळजवळ गैरलागू आहे.

निपाणीची_अक्का

सर, गैरलागू कसा? कोल्वेझीच्या भागात हातानं माती उकरून कोबाल्ट काढणारी माणसं दीड-दोन लाख आहेत असा अंदाज देतात. त्यांच्या मागं घरं. त्यांना विचारा गैरलागू आहे का.

मी त्या लोकांवरचे माहितीपट बघितलेत. पोरं भुयारात मरतात, ते सगळे दाखवतात. पण मला त्यातलं दुसरंच दृश्य लक्षात राहिलं. माणूस पोतं सायकलवर लादून रस्त्याकडेच्या व्यापाऱ्याकडं नेतो. तिथं काटा व्यापाऱ्याचा. मालात कोबाल्ट किती टक्के ते बघायचं हातात धरायचं यंत्रही व्यापाऱ्याचं. आकडा तोच वाचणार, भाव तोच सांगणार. नको असेल तर पोतं परत ने, पण नेणार कुठं? पुढचा व्यापारीही त्याच्याच ओळीतला.

निपाणीत वाढलेल्या बाईला हे समजवायला लागत नाही. आमच्या गल्लीत घरोघरी बिडी. कारखानदाराचा माणूस पान आणि तंबाखू वजनानं देणार, हजार बिड्या बांधून आणायच्या. पान कमीच भरायचं, कमी पडलेलं बाईनं पदरचे पैसे घालून आणायचं. संध्याकाळी माल द्यायला गेलं की तपासणारा दोन मुठी बाजूला काढायचा, ‘छाट’. म्हणजे वाईट बांधली, हिचे पैसे नाहीत. पण ती छाट बिडी फेकून देत होते का? न्हाई. तीही विकली जायची. माझी आई याच्यावर रात्री जेवताना बोलायची आणि सकाळी परत सूप घेऊन बसायची.

तर माझं उत्तर सरळ आहे. माझ्या हातात असतं तर मी आधी काटा धरला असता. पुढच्या पिढीचा निधी नंतर. आज पोतं घेऊन आलेल्या माणसाला आजच्या पोत्याचे पुरते पैसे मिळाले, तर त्याच दिवशी त्या घरातली गरिबी तेवढी कमी होते. त्याला कुठल्या मंत्र्याची सही लागत नाही.

उसाचा_फड

अक्का +१००. आमच्या चिकोडी-अथणी पट्ट्यात ऊस घालणाऱ्याला काटामारी काय असते ते सांगायला नको. बाहेरच्या काट्यावर आधी वजन करून आणलेली गाडी कारखान्याच्या काट्यावर हलकी कशी होते हे कोडं आमच्या दोन पिढ्यांना सुटलेलं नाही. आणि बाहेर वजन करून आणली म्हणून गाडी उतरवून न घेणारेही महाभाग आहेत. नाव घेत नाही, नाव घेतलं की पुढच्या हंगामात तोड मिळत नाही.

उद्यमबागकर

@अक्का, यावर थोडं वाचलेलं सांगतो. कांगो सरकारला हा काट्याचा घोळ ठाऊक आहे. २०१९ ला त्यांनी हातखाणीतला सगळा कोबाल्ट एकाच सरकारी कंपनीनं विकत घ्यायचा असा हुकूम काढला. ती जेकामिनचीच पिल्लू कंपनी. कागदावर मक्तेदारी मिळाली, पण वर्षामागून वर्षं गेली तरी प्रत्यक्ष खरेदी काही नीट सुरू होईना. तोवर रस्त्याकडेचे डेपो जोरात. आणि खोदणाऱ्यांनी सहकारी संस्थेतूनच काम करायचं असा कायदा आहे. त्या संस्थांपैकी कित्येकींच्या मागे पुढारी आणि अधिकारीच असतात, हे तिथल्या पाहणी अहवालांत पुन्हापुन्हा येतं.

उसाचा_फड

‘सहकारी’ म्हटलं की आम्ही आधी मालक कोण ते विचारतो. :)

फौजी_खानापूर

मी शांतिसेनेत कांगोला होतो, पूर्वेला, गोमा आणि त्याच्या वरच्या डोंगरात. म्हणून लिहितोय, नाहीतर मी इथं नुसता वाचत असतो. पलटण, साल वगैरे विचारू नका.

तुम्ही सगळी कोल्वेझीची गोष्ट करताय. कोल्वेझी दक्षिणेला, तिकडं निदान लढाई नाही. किवू प्रांतात कथा वेगळी. तिथं काट्याच्या आधी नाका लागतो.

आमची गाडी निळ्या टोपीची, आम्हाला कोण अडवणार? पण समोर बघायचो की. डोंगरातनं बाई येत्या, पाठीवर कोळशाचं पोतं, कपाळाला पट्टा लावून ओझं धरलंय, वर त्याच्यात कसाव्याची पानं खोचलेली. रस्त्याला आडवा बांबू, न्हाईतर नुसती दोरी. दोरीच्या एका टोकाला खुर्चीवर एक गडी, मांडीवर बंदूक, अंगात अर्धा गणवेश आणि पायात रबरी चप्पल. बाई थांबत्या, कमरेची गाठ सोडत्या, नोट देत्या, दोरी खाली पडत्या. न बोलता. दोन किलोमीटरवर दुसरी दोरी. ती दुसऱ्या टोळीची. बाजारात पोचस्तोवर पोत्यातला नफा त्या दोऱ्यांवरच संपतंय. आपण बातम्यांत ऐकतो की टोळ्या कोल्टानवर जगत्यात. जगत्यात, खोटं न्हाई. पण ह्या बाईच्या कोळशावर, घेवड्यावर, केळीवर पण तेवढ्याच जगत्यात.

आता मला जे लागलं ते सांगतो. तो दोरीवरला गडी निम्म्या वेळा टोळीचा नसायचा. सरकारी जवान असायचा. त्याच्याशी मोडक्या स्वाहिलीत बोललो तर तो म्हणायचा, पगार आलाच न्हाई. आला तर वरचे अधिकारी कापून देणार. कारण पगाराची रोकड पोत्यात घालून किन्शासाहून निघायची, आणि कमांडर ती वाटायचा. जो लढाईचा हुकूम देणार तोच पगार वाटणार! वर कमांडरला जवानांची यादी फुगवायला काय जातंय? मेलेले, पळालेले सगळे हजर. त्यांचा पगार खिशात.

तिथं एक ‘कलम १५’ आहे. घटनेत असलं काही न्हाई, लोकांनी चेष्टेत काढलेलं. त्याचा मजकूर एवढाच: तुमचं तुम्ही बघा. जवान, पोलीस, मास्तर, कारकून, सगळे ह्याच कलमावर चालत्यात.

युरोपियन युनियनचं एक पथक २००५ च्या सुमारास आलं आणि त्यांनी साधं काम केलं. जवानांची मोजणी, प्रत्येकाला ओळखपत्र, आणि पगार वाटणारी साखळी कमांडरच्या साखळीपासून वेगळी. हजारो नावं यादीतनं गळाली. पुढं बँकेतनं पगार सुरू झाले. सगळं सुधारलं असं मी म्हणणार न्हाई, डोंगरात बँक कुठली? पण ज्या जवानाच्या हातात पगार पडला तो दोरीवर कमी बसायचा, हे डोळ्यानं बघितलंय. माझ्या मते गरिबीवरची पहिली योजना ही. जवानाला वेळेवर पगार द्या म्हणजे बाईचं पोतं बाजारात पोचतंय.

निपाणीची_अक्का

भाऊ, हे कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. लिहीत राहा.

उद्यमबागकर

@फौजी, तुमच्या दोऱ्यांची मोजदाद झाली आहे. बेल्जियममधल्या एका संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये दोन्ही किवू प्रांतांतले नाके नकाशावर मांडले, ते जवळपास ८०० भरले. आणि खनिजांपेक्षा रोजच्या मालावर, येणाऱ्याजाणाऱ्यावर वसुली करणारे नाके जास्त, हेच त्यातही आहे. सरकारी फौजेचे नाकेही त्यात भरपूर.

अथर्व_९०

सगळे कांगोच्या माणसांनाच शिकवताय. लुटतंय कोण ते बोला ना. इस्रायली उद्योजक डॅन गर्टलरच्या कंपन्यांना खाणी मातीमोल दिल्या, त्यांनी त्या पुढं दामदुप्पट विकल्या. कोफी अन्नान यांच्या अध्यक्षतेखालच्या आफ्रिका प्रोग्रेस पॅनेलनं २०१३ मध्ये हिशेब दिला: २०१० ते २०१२ मधल्या फक्त पाच सौद्यांत देशाचं १.३६ अब्ज डॉलरचं नुकसान. देशाच्या आरोग्य आणि शिक्षणाच्या वर्षाच्या एकत्र बजेटच्या दुपटीच्या आसपास! ग्लेनकोर या बड्या खाण कंपनीनं २०२२ मध्ये लाचखोरीचे गुन्हे कबूल केले, त्यात कांगोही आहे. चिनी कंपन्यांनी २००८ मध्ये ‘रस्ते बांधतो, तांबं द्या’ असा करार केला, तो इतका एकतर्फी निघाला की २०२४ ला परत बसून रस्त्यांची रक्कम वाढवून घ्यावी लागली. आणि रवांडाच्या पाठिंब्यावरच्या एम-२३ या बंडखोर टोळीनं २०२५ च्या जानेवारीत अख्खं गोमा घेतलं. कोल्टानची रुबायाची खाण त्याआधीच त्यांच्या ताब्यात. काटा आणि दोरी ठीक आहे हो, पण इथं ट्रकच पळवून नेलाय.

निवृत्त_प्राध्यापक

@अथर्व, यातलं काहीही नाकारत नाही. सौदे खुले लिलावात आणि करार छापून जाहीर, ही अट हवीच. कांगोनं त्यातले पुष्कळ करार संकेतस्थळावर टाकलेही आहेत.

पण बाहेरच्यांनी ‘लूट थांबवू’ म्हणून घातलेला कायदा गरिबाच्या कसा अंगावर येतो त्याचं उदाहरण देतो. २०१० मध्ये अमेरिकेनं डॉड-फ्रँक कायद्यात कलम घातलं: कांगो आणि शेजारचं कथील, टँटलम, टंगस्टन, सोनं वापरणाऱ्या कंपन्यांनी ते टोळ्यांकडून आलं आहे का हे जाहीर करावं. हेतू उत्तम. कंपन्यांनी विचार केला, तपासत बसण्यापेक्षा तिकडचा मालच नको. त्याच सुमारास कांगोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कबिला यांनी पूर्वेतल्या हातखाणी सहा महिने बंद केल्या. खोदणाऱ्यांचा रोजगार बुडाला, पोरांची शाळा सुटली, आणि टोळ्या सोन्याकडं वळल्या, कारण सोनं खिशातून जातं. तेव्हा बंदी घालताना खाली कोण उभं आहे ते बघावं लागतं.

बळ्ळारी_रिटर्न

मी कर्नाटकातल्या बळ्ळारी-संडूरच्या लोहखनिजाच्या पट्ट्यात आठ-दहा वर्षं मशिनरीच्या कामात काढली. तुम्ही कांगोला कशाला जाताय, संडूरला चला. लाल धूळ, झाडाचं पान लाल, दुकानातला बिस्किटाचा पुडा लाल. बेकायदा खाणींवरचा लोकायुक्त संतोष हेगडेंचा अहवाल २०११ चा, त्याच साली सुप्रीम कोर्टानं खाणी थांबवल्या. नंतर दंडाचा आणि विक्रीचा हजारो कोटींचा पैसा जमा झाला, खाणग्रस्त भाग सुधारायला म्हणून खास महामंडळ निघालं. आणि पैसा वर्षानुवर्षं खात्यात पडून. खर्चाच्या आराखड्याला मंजुरी नाही म्हणून. २०१५ च्या कायद्यानं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं, जुन्या खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम त्यात. त्यातून काय काय बांधलं जातं ते कुणी जाऊन बघावं. बसस्टँडची कमान हा खाणग्रस्तांचा विकास कसा, हे मला अजून कळलेलं नाही.

आपल्याकडं लोकायुक्त आहे, कोर्ट आहे, पेपर आहेत, तरी ही गत. तिथं काय होणार.

उद्यमबागकर

@बळ्ळारी, अगदी. म्हणूनच निधी काढा, पेटी करा, कायद्यानं वाटे पाडा, याच्यावरचा माझा जीव उडत चाललाय. चाडचं उदाहरण वाचा. तिथं तेल सापडलं, पण समुद्र नाही. कॅमेरूनमधून १,०७० किलोमीटरची पाइपलाइन टाकायची, त्यात जागतिक बँक उतरली ती एका अटीवर. १९९९ ला कायदा झाला: तेलाच्या पैशातले १० टक्के भावी पिढ्यांसाठी, उरलेल्यातला मोठा हिस्सा शिक्षण, आरोग्य, ग्रामीण विकास यालाच. देखरेखीला समिती, तिच्यात समाजातली माणसं. जगभर कौतुक झालं. २००३ ला तेल वाहू लागलं. २००५ संपता संपता राष्ट्राध्यक्ष देबींनी कायदा बदलला, भावी पिढ्यांचा निधी गुंडाळला आणि ‘प्राधान्याच्या’ यादीत सुरक्षा घातली. बँकेनं कर्जं रोखली, बोलणी केली, शेवटी २००८ ला चाडनं बँकेचे पैसे मुदतीआधी चुकते करून तिला वाटेला लावलं. तेल महाग होतं, पैसा होता, कोण कुणाला विचारतो!

निवृत्त_प्राध्यापक

पण निधी नेहमीच बुडतो असंही नाही. पूर्व तिमोर घ्या. १३ लाख वस्तीचा देश, २००५ चा पेट्रोलियम निधी, आज १८ अब्ज डॉलरच्या आसपास. कुणी पळवून नेलेला नाही. हिशेब जाहीर असतो.

निपाणीची_अक्का

आणि गरिबी किती?

निवृत्त_प्राध्यापक

२००७ ला निम्मी जनता दारिद्र्यरेषेखाली होती, २०१४ ला ४२ टक्क्यांच्या आसपास. पाचांतल्या जवळजवळ दोन-अडीच मुलांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली. पैसा मोठ्या बांधकामांवर आणि माजी स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनवर बराच गेला. वृद्धांना महिना ३० डॉलर मात्र मिळू लागले, त्याचा उपयोग झाला.

कुंदाप्रेमी

मग तेच करा ना! खाणीचा पैसा सरळ लोकांच्या मोबाइलवर टाका. ना मंत्री, ना कमान. टोगोनं कोरोनात मोबाइलवरून गरिबांना पैसे पाठवले की.

फौजी_खानापूर

टाका की. पण मोबाइलवर आलेला पैसा नोट करून घ्यायला बाईला बाजारातच जायला लागतंय. आणि बाजाराच्या वाटेवर दोरी. गावात पैसा आलाय हे बाईच्या आधी दोरीवाल्याला कळतंय. आमच्या भागात मदतीचं धान्य वाटलं की त्याच रात्री गावावर धाड यायची, हे पण बघितलंय. कोल्वेझीत, किन्शासात चालंल. डोंगरात आधी दोरी काढा.

उद्यमबागकर

दोरीशी जोडून विजेचं सांगतो. इंगाची दोन धरणं १९७२ आणि १९८२ ची. तिथून कटांगाच्या खाणींपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटरची उच्चदाबाची लाइन ओढली. वाटेतल्या गावांना त्यातून एक दिवा मिळाला नाही. डीसी लाइन, मध्येच तोडून घेता येत नाही. काहींचं म्हणणं, उद्देशच कटांगाची नाडी किन्शासाच्या हातात ठेवण्याचा होता, कारण कटांगा १९६० ला फुटून निघाला होता. आज देशात वीज पाचांतल्या एखाद्याला, आणि खाणी झांबियाकडून वीज विकत घेतात. आमचा फिटर सांगतो, प्लांटमध्ये लखलखाट, कुंपणाबाहेर मेणबत्ती.

जांबोटी_लाइन

कुंपणापर्यंत कशाला जाताय, आमच्या खानापूरच्या जंगलातल्या गावांत आजारी माणसाला अजून खांद्यावर बांबूची डोली करून आणत्यात. पण ते असो, विषयांतर नको. प्रश्न: बोट्स्वानाचं सगळे कौतुक करतात, ते खरं का?

निवृत्त_प्राध्यापक

बऱ्यापैकी खरं. १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अतिगरीब देशांत. दुसऱ्याच वर्षी ओरापाला हिरे. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा ज्या जमातीच्या प्रमुखांच्या घराण्यातले, तिच्याच मुलखात. त्यांनी खनिजाचा हक्क जमातीकडून काढून देशाकडं दिला. डी बीअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीबरोबरची सरकारी भागीदारी थोडीथोडी वाढवत ५० टक्क्यांवर नेली. पण लक्षात घ्या, हिरा निघायच्या आधी तिथं बोलावलं की जमणारी गावसभा होती, आणि पगार घेणारे कारकून होते. आता हिऱ्याचा बाजार पडलाय तर त्यांनाही झळ बसतेच आहे. विषमताही मोठी. आणि वस्ती २५ लाख. १० कोटींच्या कांगोला त्याचा कित्ता गिरवा म्हणणं सोपं आहे.

अथर्व_९०

म्हणजे घूमफिरके परत पगार आणि काटा.

निवृत्त_प्राध्यापक

मला एवढं सरळ वाटत नाही. पगार द्यायला महसूल हवा, महसुलाला खाणकरार नीट हवा, आणि करार नीट व्हायला तुमचा गर्टलरचा मुद्दा. फौजींच्या दोरीपासून सुरुवात केली तरी धागा किन्शासाला जातोच.

फौजी_खानापूर

सर, महसूल येतोय की. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी कोबाल्टची निर्यातच थांबवली, भाव चढवला, मग कोटा लावला. म्हणजे सरकारला मनात आलं की सीमेवर ट्रक अडवता येत्यात. जे सरकार झांबियाच्या सीमेवर कोबाल्टचे ट्रक थोपवतंय त्याला स्वतःच्या जवानाची दोरी काढता येत न्हाई? काढायची न्हाई, कारण दोरीतला वाटा वर जातोय.

निपाणीची_अक्का

आणि मास्तरांचं काय? तिथं शाळेत पोरांच्या आईबापांनी मास्तराचा पगार वर्गणीनं भरायचा असं ऐकलंय, खरं?

उद्यमबागकर

वर्षानुवर्षं तसंच होतं. नव्वदच्या दशकात सरकारचे पगार बंद पडले, पालकांनी ‘प्रोत्साहन फी’ म्हणून मास्तर जगवले. फी नाही तर पोर बाहेर. २०१९ ला राष्ट्राध्यक्ष चिसेकेदींनी प्राथमिक शाळा फुकट केली. लाखो मुलं नव्यानं शाळेत आली. एकेका वर्गात शंभर-शंभर. फी गेली, आणि हजारो मास्तर असे की ज्यांचं नाव सरकारी यादीत चढलेलंच नाही. म्हणजे पूर्वी पालकांकडून मिळायचं तेही गेलं. संप झाले. काही ठिकाणी फी वेगळ्या नावानं परत आली.

निपाणीची_अक्का

मग त्या १५ टक्क्यांतून यादीबाहेरच्या मास्तरांना पगार का देत नाहीत? कोल्वेझीच्या पालिकांना तर मिळतात म्हणालात.

उद्यमबागकर

मिळतात. लुआलाबा प्रांतातल्या काही छोट्या पंचायतींना कधी नव्हे एवढी रक्कम आली आहे. पण कायद्यात ती पायाभूत कामांसाठी म्हणून ठरवलेली. शाळेची इमारत बांधता येते, आत उभ्या माणसाचा पगार त्यातून निघत नाही. त्यामुळे नव्या इमारती आहेत. रंग दिलेल्या. उद्घाटनाची पाटी लावलेल्या.

बळ्ळारी_रिटर्न

कमान आहे का बघा.